पांढरीतले धन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी एक पितळी तबक निघते. त्यात साळीच्या लाह्या, बत्तासे, हळकुंड आणि मधोमध जुन्या नाण्यांची एक पुरचुंडी. पुरचुंडीत काय आहे ते घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे: राणीछाप दोन रुपये, पंचम जॉर्जचा एक, भोकाचा एक पैसा आणि चार शिवराया. आजी होती तोवर दर धनत्रयोदशीला ती ही नाणी चिंचेच्या कोळाने आणि चुलीतल्या राखेने घासून लख्ख करी. नाणी लख्ख होत, पण अक्षरे दरसाल थोडी थोडी विरत जात. जुने नाणे घासू नये, त्याच्यावर चढलेला थरही त्याच्या आयुष्याचाच भाग असतो, असे जाणकार सांगतात. आजीला हे कोण सांगणार? देवापुढे मळकी लक्ष्मी ठेवायची नाही, हा तिचा कायदा होता.

त्या चार शिवरायांचा मला लहानपणी फार अभिमान वाटे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हे नाणे प्रत्यक्ष महाराजांच्या हातून आमच्या घरी आले आहे, अशी माझी समजूत होती. पुढे कळले, की शिवराई महाराजांच्या काळात सुरू झाली खरी, पण तिच्यावरचे तेच नाव ठेवून ती पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती. आमच्यापैकी तीन तर ‘दुदांडी’ निघाल्या, म्हणजे पुष्कळच अलीकडच्या. वाचकहो, आपल्याही घरच्या तबकात बहुधा त्याच असतील. हिरमुसू नका. दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाईने त्या पैशाने मीठ-मिरची घेतली असेल, हेही काही थोडे नव्हे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. माझी पुस्तकी विद्या मॅट्रिकपाशी थांबली. पुढे पोरांना शिकविता शिकविता आणि दोन-चार कादंबऱ्या लिहिता लिहिता जे वाचनात आले तेवढीच माझी शिदोरी. परंतु जुन्या नाण्यांविषयी लिहिण्याचा मला एक अधिकार आहे. आमच्या घरात इतिहासाचा एक पुरावा वितळविला गेला आणि तो मी डोळ्यांनी पाहिला.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दुसरबीडच्या आसपासच्या खेड्यांतून तेव्हा उन्हाळ्यात एक काम हमखास चाले, पांढरीची माती वावरात नेऊन टाकण्याचे. शहरी वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुली पेटल्या, गुरे बांधली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, की राख, शेण आणि भिंतींची माती मिळून एक भुरकट टेकाड तयार होते. ही माती खतासारखा गुण देते. गाव उठून दुसरीकडे गेलेले असले, की त्या ओसाड पांढरीवर बैलगाड्यांची रांग लागे. पुराणवस्तूंचे अभ्यासक ज्या टेकाडांसाठी जीव टाकतात, ती आमच्या बापजाद्यांनी कपाशीला घातली!

असेच एकदा माती भरताना दादांच्या फावड्याला काही तरी खण्णकन लागले. एक गाडगे फुटले होते आणि त्यातून हिरवा गोळा बाहेर आला होता. नाणी एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. दोन-अडीच शेर वजन असावे. दादांनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि घरी आणला. आजीने उंबऱ्यातच हात आडवा धरला. “मातीचं धन मातीचं असते. घरात नको.” आठ दिवस गोळा गोठ्यात कडब्याखाली राहिला. मग घरातली दोन फुटकी भांडी आणि तो गोळा अशी मोड घेऊन दादा देऊळगाव राजाच्या बाजारात गेले, मीही गाडीत बसून गेलो. कासाराने एक नाणे घासून पाहिले आणि तोंड वाकडे केले. “माल हिणकस आहे, यात शिसं-कथील मिसळलं आहे. तांब्याचा भाव नाही मिळायचा.” थोडी घासाघीस झाली. संध्याकाळी आम्ही नवी घागर घेऊन परतलो. ती घागर अजून आमच्या घरी आहे.

मी एक नाणे चोरून खिशात ठेवले होते. महिनाभर ते गोट्यांच्या पिशवीत होते, मग कुठे हरवले ते कळले नाही. त्याच्यावर एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती होता आणि दुसऱ्या बाजूला एका क्रुसाच्या चार टोकांना चार वाटोळी, असे मला आजही आठवते. पण मी पडलो कादंबरीकार. माझ्या आठवणीवर माझाच पुरता भरवसा नाही.

हे सारे पुन्हा उकरून निघायला निमित्त झाले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. गेल्या उन्हाळ्यात तो एक लांबलचक पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत एक दांडा, त्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी आणि कानाला लावायची यंत्रे. “सर, धातू शोधाचं मशीन. ऑनलाइन मागवलं.” त्याच्या वावरालगत जुन्या गढीची पडझड आहे. दोन साल सोयाबीनने दगा दिला होता. गढीने तरी हात द्यावा, असा त्याचा हिशेब होता.

यंत्राची करामत साधी आहे. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिच्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उठतात आणि त्यांची चाहूल लागली की यंत्र चिरकते. याची कुळकथा मात्र मोठी रंजक आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कोठे रुतली आहे ते शोधायला टेलिफोनवाल्या बेलसाहेबांनी असे एक यंत्र बनविले. अध्यक्ष ज्या पलंगावर निजले होते त्याच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. गोळी काही सापडली नाही आणि अध्यक्ष दगावले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकण्यासाठी हातात धरून चालविता येईल असे यंत्र केले, आणि ते १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात कामी आले. माणसे वाचविण्यासाठी निघालेले हे यंत्र फिरत फिरत आमच्या शिवारात आले होते.

पहिल्या संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर गेलो. खोटे कशाला सांगू, कानात पहिला चीत्कार घुमला तेव्हा माझेही काळीज उडाले. उकरले तर गुटख्याची पुडी निघाली. मग बाटलीचे बूच, बैलाचा नाल, नांगराचा नट आणि पुन्हा गुटख्याची पुडी. नाण्याएवढी वस्तू हे यंत्र फार तर वीत-दीड वीत खोलीवर ओळखते; आणि आपल्या देशाची वरची वीतभर माती कशाने भरली आहे, हे त्या संध्याकाळी मला नीट समजले.

ही लागण काही एकट्या आमच्या गावची नव्हे. आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा ओलांडली की बऱ्हाणपूर लागते. मोगलांच्या दख्खनेतल्या कारभाराचे ते मोठे ठाणे, तिथे टांकसाळही होती. १६८१ साली संभाजी महाराजांनी ते लुटले. बऱ्हाणपूरच्या जवळच असीरगड आहे, जो अकबराने १६०१ मध्ये घेतला. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा चित्रपट लागला आणि असीरगडाखालच्या वावरांत रात्री माणसांची जत्रा भरू लागली. महामार्गाच्या कामात निघालेली माती तिथल्या शेतांत पडली होती आणि तिच्यात मोगलांची नाणी आहेत अशी वार्ता उठली होती. लोक विजेऱ्या, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन धावले. मार्चमध्ये पोलिसांनी येऊन हा उद्योग थांबविला. शेतकऱ्याच्या वावरात तेवढे खड्डे राहिले.

यंत्र यायच्या आधी हेच काम पायाळू माणसाकडे असे. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतला हंडा दिसतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की, की तिच्यापायी माणसांचे जीव गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावावर चालणाऱ्या अघोरी प्रकारांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला तो उगाच नव्हे. त्या मानाने यंत्र बरे म्हणायचे. ते कोंबडे मागत नाही, पोर मागत नाही, फक्त सेल मागते.

पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याने बिस्किटाचा एक डबा माझ्यापुढे ओतला. दोन शिवराया, एक तुटके जोडवे, आणि बोराएवढ्या पाच शिशाच्या गोळ्या. गोळ्या पाहून मी सावरून बसलो.

“या कुठं सापडल्या रे?”

“आठ-दहा वावरं फिरलो सर. नेमकं कोणतं, ते ध्यानात नाही.”

मी कपाळाला हात लावला. त्याला वाटले, मास्तर रागावले. मग मी त्याला जवळ बसवून घेतले आणि तो पुन्हा आठवीत आहे असे समजून इतिहास सांगू लागलो.

आमच्याच सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात तिथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान पडला आणि दख्खनेत निजामाचे राज्य उभे राहिले. विजयाच्या आनंदात निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. सव्वादोनशे वर्षे जे राज्य आपल्या उशाशी बसले, त्याचा पाया आमच्या तालुक्यात घातला गेला. नंतर १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडला मराठे आणि निजामअली पुन्हा भिडले. आता या पाच गोळ्या त्यांपैकी कोणत्या लढाईच्या? की एखाद्या गोऱ्या शिकाऱ्याने हरणावर झाडलेल्या? कोणत्या वावरातून, कोणत्या बांधाजवळून आल्या हे ठाऊक असते, तर निदान विचारायला जागा होती. डब्यातली गोळी काहीच बोलत नाही.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्न म्हणून एक रणभूमी आहे. १८७६ साली तिथे कस्टर नावाच्या सेनानीची तुकडी रेड इंडियनांनी कापून काढली. कोण कुठे उभा होता याविषयी शंभर वर्षे वाद चालले. १९८३ मध्ये तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी अभ्यासकांनी धातुशोधक यंत्रेवाल्यांनाच हाताशी धरले. ओळीने चालायचे, यंत्र वाजले की तिथे निशाण रोवायचे, आणि जागा मोजून नकाशात घातल्याशिवाय काही उचलायचे नाही. गोळ्या आणि काडतुसांची नळकांडी यांच्या नकाशावरून लढाई कशी सरकत गेली ते दिसू लागले. यंत्र तेच, जे आमच्या विद्यार्थ्याच्या हातात होते.

“म्हणजे जागा लिहून ठेवायची?” त्याने विचारले. मास्तराला आणखी काय हवे! मी कपाटातून मिराशींचे नाव असलेला कागद काढला.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे नागपूरचे. १९३९ साली, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गावी एक ठेवा सापडला. सुमारे सोळाशे नाणी, सातवाहनांची. धातू हलका, तांब्यात शिसे-कथील मिसळलेले. मिराशींनी ती एकेक करून वाचली. त्यांत गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी असे ओळखीचे राजे होतेच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी तीन नावे निघाली, जी पुराणांच्या यादीत नाहीत. दीड-पावणेदोन हजार वर्षे जगाला ठाऊक नसलेले तीन राजे एका गाडग्यातून बाहेर आले. त्या नाण्यांवर एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आहे. दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह: क्रूस, आणि त्याच्या चार टोकांना चार वाटोळी.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पस्तिशीत होतो. पुस्तक मिटून माजघरात गेलो आणि त्या घागरीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. ‘माल हिणकस आहे’ हे कासाराचे शब्द पंचवीस वर्षांपूर्वीचे नव्हेत, कालचे वाटले.

ठेवा अखंड हाती लागला तर तो किती बोलतो, याचा दुसरा दाखला नाशिककडचा. गोदावरी-दारणा संगमाजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,२५० चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारला होता, नहपानाचा मुखवटा खाली तसाच ठेवून. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. पण राजाच्या आईने कोरविलेली ती स्तुती, तीवर कोणी शंका घेऊ शकेल. नऊ हजार नाण्यांवर कोण शंका घेणार? आणि हे प्रमाण कळले ते सगळी नाणी एकत्र मोजली गेली म्हणून. त्यांतली चांगली चांगली निवडून आधीच कोणी विकली असती, तर हिशेब कायमचा बुडाला असता.

उलट दायमाबादचे पाहा. नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर) १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल माणसाला चार ब्राँझच्या मूर्ती लाभल्या: बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. अशा वस्तू महाराष्ट्रात दुसऱ्या नाहीत. पण त्या शास्त्रशुद्ध उत्खननातल्या थरातून आल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाविषयी पंडितांत वाद लागला. पुढची काही वर्षे सालींनी तिथे उत्खनन केले, बहुतेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. तथापि शंका घेणारे शंका घेतच राहिले. मूर्ती वाचल्या, हे नशीबच. मोडीत गेल्या असत्या तर किती घागरी झाल्या असत्या!

आमच्या दाराशी झालेली गोष्टही सांगायला हवी. २०२४ च्या जूनमध्ये सिंदखेड राजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीपाशी पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाचे जतनाचे काम चालू होते. दगडी बांधकाम लागले म्हणून जपून खाली उतरत गेले, तो सभामंडप, गाभारा आणि सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णू. पावणेदोन मीटरच्या आसपास लांबी, पायाशी लक्ष्मी, अंगावर समुद्रमंथनाचे शिल्प. आम्ही पोरे घेऊन पाहायला गेलो होतो. लखुजीराजांचा १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात खून झाला, त्यांची समाधी ज्या मातीवर उभी राहिली तिच्या पोटात हे होते. माझा विद्यार्थी शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “सर, मशीन फिरवलं असतं तर चिंही झालं नसतं.” दगडापुढे ते यंत्र मुकेच.

खरी परीक्षा पोळ्यानंतर झाली. रात्री नऊ वाजता तो धापा टाकत आला. यंत्र बरोबर नव्हते. “सर, माझ्याच वावरात, गढीच्या बाजूनं. मडक्याचं तोंड दिसलं. आत हिरवं हाये. हात नाही लावला, वर टोपलं पालथं घातलं.” मोबाइलवर त्याने फोटो दाखविला. फोटो त्याने उत्साहाच्या भरात शहरातल्या एका व्यापाऱ्यालाही पाठविला होता आणि त्याने न पाहता चाळीस हजार बोलले होते. सोसायटीचे कर्ज तेवढेच होते, थोडे इकडेतिकडे.

मी त्याला कायदा सांगितला. १८७८ चा आहे, इंग्रजांचा, अजून चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचे. लपविले तर हक्क गेला आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. धन्याचा पत्ता लागला नाही तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचे; इथे दोघे एकच. पण सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर द्यायचे किती? तिच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा.

“म्हणजे मोडीचा भाव,” तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. काय उत्तर देणार? विलायतेत २००९ साली एका माणसाला असल्याच यंत्राने शेतात सोन्याचा मोठा ठेवा सापडला. तिथे १९९६ चा कायदा बाजारभावाने मोबदला देतो. बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम त्याला आणि शेतकऱ्याला निम्मी निम्मी मिळाली, आणि ठेवा संग्रहालयात गेला. आमचा कायदा प्रामाणिक माणसाला तांब्याचा भाव देतो आणि मग ठेवे दडविले जातात म्हणून हळहळतो. हे बदलले पाहिजे, असे मी जिथे दोन माणसे ऐकतील तिथे बोलतो. इथेही बोलून घेतले.

त्या रात्री मात्र मी त्याला उपदेश केला नाही. माजघरातली घागर आणून त्याच्यापुढे ठेवली आणि ती कशी आली ते सांगितले. दादांना या कायद्याचे नावही ठाऊक नव्हते. त्याला आता ठाऊक होते, एवढाच दोघांत फरक. तो बराच वेळ घागरीच्या काठावरून बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, “सर, अर्ज तुमच्या अक्षरात लिहा. माझं अक्षर तुम्ही कधी पास केलं नाही.”

अर्ज लिहिला. गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, खोली, सारे घातले. तिसऱ्या दिवशी तहसीलची माणसे आली, पंचनामा झाला, मडके भोवतालच्या मातीसकट उचलले गेले. नाणी कोणाची, हे ती जिथे गेली तिथे वाचली जातील तेव्हा कळेल. व्यापाऱ्याचे दोन फोन आले, मग बंद झाले. सोसायटीचे कर्ज अजून आहे. यंदा तूर बरी आहे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी सहज त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने देवापुढचे तबक मांडून ठेवले होते. लाह्या, बत्तासे, एक चांदीचा रुपया, आणि रुपयाखाली दाबलेला, शिक्का असलेला घडी केलेला कागद. पंचनाम्याची पावती होती. रुपया घासलेला नव्हता.